घरातल्या दिव्यांचं ऑटोमेशन: आधी बोर्ड तपासा, खरेदी नंतर

बहुतेक घरांत हे काम उलट्या क्रमाने होतं. सेलमध्ये स्मार्ट बल्ब स्वस्त दिसतात म्हणून चार मागवले जातात, दोन दिवस रंग बदलून मजा होते. मग कुणीतरी सवयीने भिंतीवरचं बटन बंद करतं, बल्बची वीज तुटते आणि ॲपमध्ये तो 'ऑफलाइन' दिसतो. आठवड्याभरात त्या बटनावर चिकटपट्टी लागते, 'हे बंद करू नये' अशी चिठ्ठी लागते आणि महिन्याभरात जुना बल्ब परत येतो.

यात दोष बल्बचा नाही. घरात कुठली वायरिंग आहे, वाय-फाय कुठवर पोचतं आणि दिवा कोण, कसा लावतं हे पाहण्याआधीच खरेदी झाली, तिथे चुकलं. या लेखात राहत्या फ्लॅटमधले किंवा छोट्या घरातले सहा-आठ दिवे वाय-फायवर आणण्याचा क्रम दिला आहे. सगळ्या टप्प्यांना एकच कसोटी लावा: इंटरनेट असो वा नसो, पाहुणा, आजी किंवा कामाला येणाऱ्या मावशी, कुणीही भिंतीवरचं बटन दाबलं की दिवा लागलाच पाहिजे.

बिल वाचेल म्हणून करणार असाल तर आधी हिशोब पाहा. ९ वॅटचा एलईडी रोज तीन तास विनाकारण जळला तर महिन्याला जेमतेम पाऊण युनिट जास्त जातं. उलट एक स्मार्ट मॉड्यूल, म्हणजे बटनाच्या मागे बसणारी वाय-फायची छोटी डबी, काही न करताही साधारण अर्धा वॅट घेतं. अशी आठ मॉड्यूलं चोवीस तास चालू राहिली की महिन्याला जवळपास ३ युनिट झाली. सोय, सुरक्षितता, म्हाताऱ्या माणसांना रात्री उजेड, ही कारणं पटण्यासारखी आहेत. बचतीचं गणित एलईडीच्या जमान्यात जुळत नाही.

टप्पा १: दिव्यांची यादी करा

दिवेलागणीच्या वेळी वही घेऊन घरभर फिरा. प्रत्येक दिव्यापुढे चार गोष्टी लिहा: कुठल्या बोर्डावर आहे, कसला दिवा आहे, कोण वापरतं, कधी लागतो. एका बटनावर दोन दिवे असतील तर तेही लिहा, कारण मॉड्यूल बटनाला बसतं, दिव्याला नाही.

आता निवड करा. ऑटोमेशनचा खरा फायदा होतो तो दाराबाहेरचा दिवा, बाल्कनी, पॅसेज, जिना, अंगण आणि बेडरूमपासून बाथरूमपर्यंतची वाट इथे. हे दिवे लावायला विसरतात, किंवा लागतात तेव्हा हात भरलेले असतात.

काही ठिकाणं सोडून द्या. ओट्यावरचा दिवा माणूस तिथे उभा राहून लावतो, तो बटनावरच ठीक आहे. जुन्या चोकची ट्यूब असेल तर आधी ती बदलून एलईडी पट्टी लावा, कारण चोकच्या झटक्याने मॉड्यूलमधल्या रिलेचे (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचे) संपर्कबिंदू चिकटतात आणि दिवा बंदच होत नाही. पंख्याच्या रेग्युलेटरवर दिव्याचं मॉड्यूल लावू नका. गिझर तर नाहीच. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. पाकिटावर '१० अँपिअर' छापलंय म्हणून बोर्डातल्या इवल्याशा मॉड्यूलवर तो भार टाकणं म्हणजे प्लास्टिक वितळण्याची वाट पाहणं.

टप्पा २: बोर्डात न्यूट्रल आहे का?

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. साध्या बटनाला फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, लागते: एक वायर येते, एक दिव्याकडे जाते. स्मार्ट मॉड्यूल मात्र स्वतःच एक छोटं यंत्र आहे. त्याला सतत वीज हवी, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायरही हवी.

ओळखण्याची सोपी खूण अशी: ज्या बोर्डात प्लग लावायचं सॉकेट आहे, तिथे न्यूट्रल असतेच, कारण तिच्याशिवाय सॉकेट चालणार नाही. आपल्याकडच्या हॉल-बेडरूमच्या बहुतेक बोर्डांत सॉकेट असतं, त्यामुळे तिथे काम सोपं आहे. अडचण येते ती जिन्याच्या, बाथरूमबाहेरच्या आणि गॅलरीतल्या एक-दोन बटनांच्या बोर्डांत. तिथे न्यूट्रल बहुधा थेट छतातून दिव्याकडे गेलेली असते.

रंगावर विसंबू नका. लाल, पिवळी किंवा निळी म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग ही आपल्याकडची जुनी पद्धत. पण बंडल संपलं म्हणून हाताला आली ती वायर ओढलेली घरं कमी नाहीत.

> सावधान: बोर्ड उघडण्याआधी मेन बंद करणं पुरेसं नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पडताच त्याला वाटतं वीज गेली, आणि तो त्याच दिव्यांच्या लाईनला वीज सोडतो. आधी इन्व्हर्टर त्याच्या बटनावरून बंद करा, मग मेन. त्यानंतरही प्रत्येक वायरला टेस्टर लावून पाहा. आणि तो टेस्टर चालू सॉकेटमध्ये आधी पेटतो का, हेही पाहून घ्या.

चालू विजेवर व्होल्टेज मोजायचं काम आणि पुढची सगळी जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. तुम्ही सोबत उभे राहा आणि त्याला तीन गोष्टी तपासायला सांगा.

पहिली, मल्टिमीटरवर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास आकडा येतो का. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये थोडेच व्होल्ट दिसले पाहिजेत. तिथे मोठा आकडा आला तर ऑटोमेशन राहू द्या, आधी अर्थिंग आणि न्यूट्रल पाहून घ्या.

दुसरी, बटन फेजवर आहे की न्यूट्रलवर. काही जुन्या घरांत बटन न्यूट्रल तोडतं. बंद केलेला एलईडी रात्री काजव्यासारखा मिणमिणत असेल तर ही शंका घ्या. अशा ठिकाणी आधी वायरिंग सरळ करून घ्यावी लागते.

तिसरी, बोर्डात किती फेज आहेत. इन्व्हर्टरच्या घरात एकाच बोर्डात दिव्यांना इन्व्हर्टरची फेज आणि सॉकेटला मेनची फेज, असं सर्रास असतं. मॉड्यूलला फेज द्यायची ती दिव्याच्या बटनावरचीच. सॉकेटची दिली तर वीज गेल्यावर मॉड्यूल झोपेल आणि इन्व्हर्टर असूनही तो दिवा लागणार नाही.

टप्पा ३: वाय-फाय बोर्डापाशी पोचतं का?

घरगुती स्मार्ट दिवे आणि मॉड्यूलं बहुतेक वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात. ५ गिगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही. राउटरने दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल आणि मोबाईल ५ वर असेल, तर जोडणी अर्ध्यात अडकते. 'डिव्हाइस खराब आलं' म्हणून परत केलेल्या कितीतरी वस्तूंचं खरं दुखणं हेच असतं.

राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ साठी वेगळं नाव ठेवा. नावात आणि पासवर्डमध्ये साधी इंग्रजी अक्षरं आणि अंकच घ्या, चिन्हं आणि इमोजी नकोत. वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ ठेवा. नुसती डब्ल्यूपीए३ ठेवली तर अनेक मॉड्यूलं जोडलीच जात नाहीत.

मग मोबाईल २.४ वर जोडून प्रत्येक निवडलेल्या बोर्डाला टेकवून धरा आणि एखादा व्हिडिओ चालवून पाहा. तिथे तो अडखळत असेल तर मॉड्यूलची अवस्था त्याहून वाईट होणार, कारण ते भिंतीच्या आत, बऱ्याचदा लोखंडी पेटीत बसणार आहे. अशा ठिकाणी आधी राउटरची जागा बदलून पाहा. टीव्हीच्या मागे कोंबलेला राउटर कपाटावर ठेवला तरी खूप फरक पडतो.

राउटर इन्व्हर्टरवर किंवा १२ व्होल्टच्या छोट्या बॅकअपवर असायला हवा. देखभालीसाठी वीज गेली की दिवे इन्व्हर्टरवर आणि राउटर मेलेला, अशी स्थिती नको.

> तपासा: या टप्प्यानंतर यादीतल्या प्रत्येक दिव्यापुढे 'न्यूट्रल आहे / नाही' आणि 'वाय-फाय चांगलं / कमजोर' असं लिहिलेलं हवं. ते नसेल तर खरेदीचं पान उघडू नका.

टप्पा ४: आता खरेदी

स्वतःचं घर, बोर्डात न्यूट्रल: बटनाच्या मागे बसणारं रिले मॉड्यूल घ्या. बटन तेच राहतं, दिवा तोच राहतो, घरच्यांना काही शिकावं लागत नाही. माझ्या मते दहापैकी आठ ठिकाणी हेच उत्तर आहे. काचेचे टच पॅनल दिसतात देखणे, पण अंधारात बोटाला बटन लागत नाही आणि एक बिघडलं की पूर्ण पॅनल उतरवावं लागतं.

भाड्याचं घर: स्मार्ट बल्ब, आणि त्यासोबत भिंतीवर चिकटवायचं बॅटरीचं वायरलेस बटन. ते बटन विसरलात तर पुन्हा चिकटपट्टी आणि चिठ्ठी. होल्डर पाहून बल्ब घ्या. आपल्याकडे पिनचा होल्डर म्हणजे बी२२ जास्त दिसतो, आट्यांचा ई२७ शोभेच्या दिव्यांत असतो. चुकीचा आला की लोक मधे अडॅप्टर लावतात. बंद ग्लोबमध्ये मग बल्बला जागा पुरत नाही आणि तो तापतो.

न्यूट्रल नसलेला बोर्ड: आधी वायरमनला विचारा की शेजारच्या बोर्डातून त्याच पाइपमधून न्यूट्रल ओढता येईल का. बऱ्याचदा येते. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलंही मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा प्रवाह घेतात. त्यामुळे ५-७ वॅटचा एलईडी बंद असतानाही लुकलुकतो. त्यावर दिव्यापाशी लावायचा छोटा कपॅसिटर सोबत देतात. तो रिकाम्या खोक्याबरोबर टाकून देऊ नका.

टेबल लॅम्प, आकाशकंदील, दिवाळीच्या माळा: स्मार्ट प्लग. फक्त तो बाल्कनीत उघड्यावर लावू नका. परतीचा पाऊस दिवाळीलाही गाठतो. प्लग घरात, आणि बाहेर फक्त कंदिलाची वायर.

मंद-तेज करायचे दिवे हवे असतील तर पाकिटावर 'डिमेबल' लिहिलेलेच घ्या. साधा एलईडी डिमरवर लावला तर फडफडतो आणि लवकर जातो.

सगळं सामान शक्यतो एकाच ॲपवर चालणारं घ्या. तीन कंपन्यांची तीन ॲपं झाली की घरात एकच माणूस दिवे लावू शकतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला 'मॅटर' हा सामायिक मानक असलेली वस्तू मिळत असेल तर उत्तम, ती घरातल्या घरातही चालते आणि वेगवेगळ्या ॲपांना जोडता येते. आणि पहिल्यांदा एकच मॉड्यूल मागवा. ते तुमच्या राउटरवर आठवडाभर नीट चाललं की उरलेली मागवा.

टप्पा ५: भिंतीत जाण्याआधी टेबलावर चालवा

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. मॉड्यूल ॲपला जोडण्याचं बारीक बटन मॉड्यूलवरच असतं. आधी भिंतीत बसवलं आणि जोडणी झाली नाही, तर पुन्हा बोर्ड उघडा, पुन्हा मेन बंद करा.

वायरमनच्या टेस्ट बोर्डवर मॉड्यूल आणि एक बल्ब जोडून घ्या. मॉड्यूल चालू झाल्यावर त्याचं बटन पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काही सेकंद दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकला की ते जोडणीला तयार आहे. मोबाईल २.४ वर, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू, मोबाईल डेटा बंद. जोडणी झाली की लगेच सॉफ्टवेअर अपडेट करून टाका.

नाव तिथेच द्या आणि तेच नाव मॉड्यूलवर मार्करने लिहा. 'लाईट १', 'लाईट २' अशी नावं दोन महिन्यांनी कुणालाच आठवत नाहीत. 'हॉल ट्यूब', 'बाल्कनी', 'दार' अशी द्या. आवाजावर चालवणार असाल तर अलेक्सा हिंदी आणि इंग्रजी समजते, हे लक्षात ठेवून नाव छोटं आणि उच्चाराला सोपं ठेवा.

टप्पा ६: बोर्डातली जोडणी

इन्व्हर्टर बंद, मेन बंद, टेस्टरने खात्री. मग या क्रमाने:

१. काहीही सोडवण्याआधी बोर्डाच्या आतल्या बाजूचे स्पष्ट फोटो काढा, एक समोरून आणि एक तिरका. कुठली वायर कुठल्या बटनाची हे पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहा.

२. फेज बहुधा एका बटनावरून दुसऱ्यावर लूप करून नेलेली असते. एक स्क्रू सैल केला की पुढची सगळी बटनं मरतात. मॉड्यूल लावायच्या बटनावरून लूप काढलात तर तो आधी पुढे जोडून घ्या.

३. फेज मॉड्यूलच्या 'एल इन'ला, सॉकेटची न्यूट्रल 'एन'ला, दिव्याकडे जाणारी वायर 'एल आउट'ला.

४. भिंतीवरच्या बटनाच्या दोन टोकांपासून दोन छोट्या वायरी मॉड्यूलच्या 'एस१' आणि 'एस२'ला.

> सावधान: अनेक मॉड्यूलांत एस१-एस२ ला बाहेरून फेज चालत नाही. बटनावर जुनी फेज तशीच राहिली आणि बटन दाबलं की मॉड्यूल जळतं. आधी ते बटन पूर्ण मोकळं करा, मगच या वायरी लावा. पुस्तिकेतली आकृती तुमच्याच मॉडेलची आहे ना, तेही पाहा.

न्यूट्रल त्याच सर्किटची घ्या. घरात वेगवेगळ्या सर्किटांना वेगवेगळे आरसीसीबी (विजेची गळती दिसताच वीज तोडणारे स्विच) असतील आणि फेज एकाची, न्यूट्रल दुसऱ्याची घेतली, तर दिवा लावताच आरसीसीबी पडेल. लोक मग आरसीसीबीच खराब आहे म्हणून तो काढून टाकायला सांगतात. तसं करू नका, तो त्याचं काम चोख करतोय.

वायर बारीक तारांची असते. एकही तार स्क्रूबाहेर राहता कामा नये. प्रत्येक जोड हलकेच ओढून पाहा. मॉड्यूल दाबून कोंबावं लागत असेल तर थांबा: खोल पेटी बसवा किंवा मॉड्यूल दिव्यापाशी, फॉल्स सीलिंगमध्ये न्या. जिन्याचं, दोन्हीकडून चालणारं बटन असेल तर त्याची आकृती वेगळी असते आणि सगळी मॉड्यूलं ती स्वीकारत नाहीत. हे वायरमनला आधीच सांगा.

एका दिवशी एकच बोर्ड उघडा. तीन एकदम उघडले आणि चूक निघाली तर ती शोधण्यात रविवार जातो.

> तपासा: मेन चालू केल्यावर चार चाचण्या. भिंतीच्या बटनाने दिवा लागतो-विझतो का. ॲपवरून तेच होतं का. राउटर बंद करून बटन चालतं का. एमसीबी (त्या सर्किटचा सुरक्षा-स्विच) पाडून पुन्हा वर केल्यावर मॉड्यूल आपोआप वाय-फायला जोडलं जातं का. यातली तिसरी चाचणी हुकली तर पुढे जाऊ नका. ॲपमध्ये बटनाचा प्रकार साधं बटन आहे की घंटीसारखं दाबून सोडायचं, हा पर्याय बहुधा चुकीचा निवडलेला असतो. दोनदा दाबल्यावर एकदा दिवा लागतो, तेव्हाही कारण हेच.

टप्पा ७: वीज परत आल्यावर काय व्हावं, ते आधी ठरवा

पहाटे तीनला वीज येते आणि बेडरूमचा स्मार्ट बल्ब पूर्ण तेजाने लागतो. घरच्यांचा या सगळ्या प्रकारावरचा विश्वास उडतो तो अशा रात्री. ॲपमध्ये बहुतेक वस्तूंना 'वीज आल्यानंतरची स्थिती' ठरवता येते: चालू, बंद, किंवा आधी होती तशी. बेडरूमला 'बंद', बाकीच्यांना 'आधी होती तशी', जिन्याला हवं तर 'चालू'. काही बल्बांत ही सोयच नसते, म्हणून खरेदीच्या वेळीच विचारा.

टप्पा ८: नियम, एका वेळी एकच

पहिला नियम सूर्यास्ताचा करा, घड्याळाचा नको. मुंबईत नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. 'सात वाजता' असा नियम केला तर तो वर्षातून मोजके दिवसच बरोबर असतो. ॲपमध्ये आपलं गाव नीट निवडा. नागपूरचा सूर्यास्त मुंबईच्या साधारण २५ मिनिटं आधी होतो. पावसाळ्यात ढगांमुळे लवकर अंधारतं, म्हणून जून ते सप्टेंबर 'सूर्यास्ताआधी ३० मिनिटं' ठेवा.

हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर शरीराच्या उष्णतेतला बदल पाहतो, आणि त्याच्या खोड्या सगळ्या इथूनच येतात. माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला तर त्याला चटकन कळतं, सरळ त्याच्या दिशेने आला तर उशिरा. म्हणून पॅसेजच्या टोकाला नाही, बाजूच्या भिंतीवर दोन-सव्वादोन मीटर उंचीवर लावा. ऊन येणारी खिडकी आणि गॅसची शेगडी समोर नको. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात भिंतीच अंगाइतक्या तापतात, तेव्हा त्याची नजर अधू होते. तो बिघडला म्हणून बदलू नका, जूनमध्ये सुधारतो. सेन्सरवर पाल बसली तर दिवा रात्रभर लागतो-विझतो, त्याला मात्र इलाज पाल हाकलण्याचाच.

शौचालयात पीआयआर लावायचाच असेल तर विझण्याची वेळ किमान दहा मिनिटं ठेवा. स्थिर बसलेला माणूस त्याला दिसत नाही. मग आतल्याला अंधारात हात हलवत बसावं लागतं.

दोन नियम एकमेकांना कापत नाहीत ना, हे पाहा. सूर्यास्ताच्या नियमाने लावलेला पॅसेजचा दिवा सेन्सर दोन मिनिटांत विझवतो, ही नेहमीची तक्रार. सेन्सरच्या नियमाला 'रात्री ११ ते पहाटे ५' अशी अट घाला. नियम एकाच ॲपमध्ये ठेवा. अर्धे कंपनीच्या ॲपमध्ये आणि अर्धे अलेक्सात असले की दिवा कोण लावतंय ते सापडत नाही. नवा नियम केल्यावर तीन-चार दिवस दुसरा करू नका.

टप्पा ९: घरच्यांना आणि पुढच्या वायरमनला

आपला पासवर्ड वाटू नका. ॲपमधून घरच्यांना सदस्य म्हणून जोडा, म्हणजे एखाद्याला काढायचं झालं तर सगळ्यांचं बदलावं लागत नाही. कुठल्या बोर्डात मॉड्यूल आहे आणि न्यूट्रल कुठून घेतली, याचा कागद डीबीच्या (घरातल्या एमसीबींच्या पेटीच्या) दाराच्या आत चिकटवा. पुढे दुसरा वायरमन येईल तेव्हा ती अनोळखी डबी काढून फेकणार नाही.

राउटर बदलाल तेव्हा नव्याला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड आणि तीच सुरक्षा द्या. सगळे दिवे आपोआप जोडले जातात, एकेक पुन्हा जोडत बसावं लागत नाही. आणि घर विकताना किंवा सोडताना प्रत्येक वस्तू ॲपमधून काढून मूळ स्थितीत आणा, नाहीतर पुढच्या बिऱ्हाडाचे दिवे तुमच्या मोबाईलवर लागत राहतील.